हरकत नाही, शंका आहे

नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर तीन पानांचा एक सरकारी कागद ठेवला आणि म्हणाले, "वाचून घ्या." अर्ध्या तासाने येऊन विचारलं, "समजलं?" मी नुकतीच बी. ए. झालेली, तीही मराठी घेऊन. "हो, समजलं," म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. "मग परत वाचा," म्हणाले आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसले.

तीन दिवस मी तेवढाच कागद वाचत होते. ज्या गावांत सरकारी अग्निशमन दल नाही, तिथे गावकऱ्यांनी स्वतःहून उभ्या केलेल्या आग विझवणाऱ्या पथकांना राज्य सरकारने कोणत्या अटींवर अनुदान द्यायचं, त्याचे ते नियम होते. पहिल्या पानावर लिहिलेलं, की पथक निदान वर्षभर काम करत असलं पाहिजे आणि त्याने विझवलेल्या आगींची वही अर्जाला जोडली पाहिजे. तिसऱ्या पानावर लिहिलेलं, की ज्या पथकाकडे मान्यताप्राप्त साधनं नाहीत त्याने सुरक्षिततेच्या दृष्टीने आगीच्या जवळ जाऊ नये. साधनं तर अनुदानातूनच मिळायची. मग वर्षभर आगी विझवायच्या कशाने, आणि लांब उभं राहून कशा? मधल्या पानावर 'परिशिष्ट ब पाहावे' असं होतं. परिशिष्ट ब कुठेच नव्हतं.

चौथ्या दिवशी मी खरं ते सांगून टाकलं. "भाऊसाहेब, मला यातलं काहीच समजत नाहीये."

ते पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले. "आता कामाला लागा."

ते आमचे हेडक्लार्क. ठाण्यातलं एक सरकारी ऑफिस, ऐंशीचं दशक निम्मं सरलेलं. मी डोंबिवलीहून यायचे, ते कल्याणहून. पन्नाशी ओलांडलेली, उंच, खांद्यात थोडे वाकलेले. बाराही महिने पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटाशी बटण लावलेला. बोलणं पुण्याकडचं, स्वच्छ. शिपायालाही 'आपण' म्हणत. डबा उभ्याने, खिडकीशी खायचे; का, ते कधी कळलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "बसून खाल्लं की मला वाटतं दुपार संपली."

त्यांच्याकडे आलेला कुठलाही अर्ज सरळ पुढे गेला असं मी पाहिलं नाही. समोरचा माणूस तासभर बोलून दमला की ते शांतपणे म्हणत, "माझी हरकत नाही. शंका आहे."

दोन्हीत फरक काय, असं मी विचारलेलं. ते म्हणाले, "हरकत घेतली की फाईल मरते. शंका घेतली की ती जिवंत राहते." त्यांना हे अगदी उघड वाटत होतं. पण शहापूरकडून किंवा मुरबाडकडून दोन एस्ट्या बदलून आलेल्या माणसाला हरकत काय आणि शंका काय, पुन्हा येणं चुकत नव्हतं. लोक जिना उतरताना त्यांना शिव्या द्यायचे. माझं टेबल जिन्याजवळ होतं, त्यामुळे त्या मला ऐकू यायच्या.

त्यांना काहीतरी हवं असणार, असा सगळ्यांचा समज होता. एका सरपंचांनी मोठी करंडी भरून आंबे आणून ठेवले. भाऊसाहेबांनी करंडीची आवक वहीत नोंद केली, तिला क्रमांक दिला आणि 'सोबतचे आंबे परत करण्यात येत आहेत' असं पत्र जोडून ती त्याच दुपारी शिपायाबरोबर परत पाठवली. पत्राची प्रत आमच्या दप्तरात राहिली. सरपंचांना हा अपमान वाटला की थट्टा, त्यांनाही ठरवता आलं नाही. पुढच्या वेळी ते हात जोडून नुसते उभे राहिले.

त्यांच्या शंकाही अशा, की ऐकणाऱ्याला वाटावं हा माणूस टवाळी करतोय. एका गावाला विचारलेलं, पाण्याची विहीर कोणाच्या अंगणात आहे आणि त्या घराशी इतरांचं बोलणं चालू आहे का? एका गावाला विचारलेलं, पंप ठेवायची शेड उताराच्या वर आहे की खाली? मी म्हटलं, नियमात असं कुठे आहे? ते म्हणाले, "नियमात शेड असावी एवढंच आहे. पण भरलेला पंप चढावर कोण ओढणार?"

यांची उत्तरं ते कागदावरून घेत नसत. सरकारी दौऱ्याला मंजुरी लागायची, जीप लागायची. म्हणून ते किरकोळ रजा टाकून, स्वतःच तिकीट काढून त्या गावी जायचे आणि भर दुपारी पारावर जाऊन बसायचे. कोणाला नाव सांगायचे नाहीत. पाणी मागायचे आणि ते आणायला किती वेळ लागतो, घड्याळात बघायचे. एका गावात म्हणे लोकांना वाटलं, हे मुलगी बघायला आलेत. त्यांनी पोहे केले. भाऊसाहेबांनी पोहे खाल्ले नाहीत, पण चूल कुठे आहे आणि गवताची गंजी किती पावलांवर आहे, ते मात्र विचारलं. त्यामुळे तो समज पक्काच झाला असणार.

आमच्या ऑफिसातल्या एकाचं लग्न माजिवड्याच्या कार्यालयात होतं. भाऊसाहेब सपत्नीक आलेले. आत आले, चारी बाजूंना पाहिलं, आणि बसेनात. मागच्या दाराला लागून खुर्च्यांची थप्पी लावलेली होती. त्यांनी वधूच्या मामांना गाठलं आणि खुर्च्या हलवायला सांगितलं. मामा मुहूर्ताच्या गडबडीत. "अहो काका, नंतर बघू," म्हणाले. भाऊसाहेबांनी कोट काढला, घडी करून बायकोच्या हातात दिला आणि एकेक खुर्ची उचलून बाहेर अंगणात नेऊन ठेवायला लागले. मंगलाष्टकं चालू, सगळ्यांच्या माना मागे. शेवटी लाजेकाजेस्तव आम्ही चौघंपाचजण उठलो. थप्पी हलली, दार उघडलं, वारा आला. मग ते हात पुसून बसले आणि अक्षता टाकल्या. त्या कार्यालयात तेव्हाही काही झालं नाही आणि नंतरही काही झाल्याचं ऐकलं नाही. पंगतीत बसलेले लोक त्यांच्याकडे बघून कुजबुजत होते. त्यांच्या पत्नी माझ्या शेजारी होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "घरी आमटीच्या पातेल्यालाही शंका असते हो. तुम्ही तर फक्त दहा ते साडेपाच."

आता त्या कोळीवाड्याचं सांगते, म्हणजे ज्यात मी आहे ते.

कल्याणच्या खाडीकाठी साठ-सत्तर घरांची वस्ती. घरं एकमेकांना खेटून, काहींवर कौलं, काहींवर पत्रे, मध्ये वाळत घातलेली जाळी आणि सुकी मासळी. तिथल्या पथकाचा अर्ज मी रुजू झाले त्याच वर्षी आलेला. नियमांत होतं, 'पथकात गावात वास्तव्य करणारे वीस सक्षम इसम असावेत.' अर्जाला वीस जणांची यादी जोडलेली होती, सगळे पुरुष, धडधाकट. मला तो अर्ज अगदी नीट वाटला. भाऊसाहेबांनी एक रजा टाकली, तिथे जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी शंका काढली. 'दुपारी दोन वाजता गावात कोण असतं?'

उत्तर द्यायला एक बाई स्वतः ठाण्याला आल्या. हिराबाई त्यांचं नाव. चाळिशीच्या, अंगाने भक्कम, कोळणींसारखं काष्ट्याचं लुगडं, डोक्यातला गजरा उन्हाने मलूल झालेला. त्या उभ्याउभ्याच बोलल्या.

"दुपारचे गावान बापे नसतान, सायब. कोन मासलीला होरीवर, कोन डोंबिवलीला कंपनीन. आमी बायकाच असतंव."

"आग कधी लागते?"

"आमचेकडं दुपारचीच लागतं. वारा सुटतं तवा."

"विझवतं कोण?"

हिराबाईंनी भाऊसाहेबांकडे असं पाहिलं, की हा काय प्रश्न झाला. "आमीच. दुसरं कोन हाय?"

भाऊसाहेबांनी खाली मान घालून ते सगळं लिहून घेतलं. मग वीस बायकांची नावं द्यायला सांगितली. हिराबाईंनी तिथल्या तिथे वीस नावं घडाघडा सांगितली, जणू हजेरीच घेत होत्या. ती यादी फाईलला लागली. पण साहेब, म्हणजे आमचे अधिकारी, ती पाहून म्हणाले, "इसम म्हणजे पुरुष. बायका कशा चालतील?" भाऊसाहेब म्हणाले, "इसम म्हणजे व्यक्ती असाही अर्थ आहे." साहेब म्हणाले, "मंत्रालयाला विचारा."

तेव्हा भाऊसाहेबांनी मंत्रालयाला ते पत्र लिहिलं. मी ते टाइप केलं, म्हणून मला पाठ आहे. 'सदर नियमातील इसम या शब्दात स्त्रियांचा समावेश होतो किंवा कसे, याबाबत खुलासा व्हावा.'

खुलासा येईना. स्मरणपत्र पाठवलं, दुसरं पाठवलं. दोन वर्षं गेली. मधल्या काळात भाऊसाहेबांनी आणखी एक शंका काढली: ओहोटीला खाडीत नुसता चिखल असतो, तेव्हा पंपाला पाणी कुठून? हिराबाई पुन्हा आल्या, गावच्या तळ्याचं सांगून गेल्या. दर खेपेला त्या माझ्या टेबलापाशी थांबायच्या आणि विचारायच्या, "बाय, झाला का?" मी म्हणायचे, "होईल." एकदा म्हणाल्या, "तुमचे सायब चांगले हात का वायट, मना काय कलं नाय." मी म्हटलं, "मलाही." आम्ही दोघी हसलो होतो.

त्या वर्षी मार्च महिन्यात भाऊसाहेबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते पंधरा दिवस रजेवर. साहेबांनी मला बोलावलं. अनुदान वाटून झालं नाही तर मार्चअखेर परत जाणार होतं. "त्या कोळीवाड्याचं प्रकरण किती दिवस कुजवायचं?" ते म्हणाले. "काही त्रुटी आहे का त्यात?"

मी फाईल घेऊन बसले. वरच भाऊसाहेबांच्या हातची चिठ्ठी होती, 'शासनाकडून खुलासा अप्राप्त. तोवर थांबावे.' खाली बायकांची यादी, आणि तिच्याही खाली मूळ अर्जातली वीस पुरुषांची यादी. मला हिराबाईंच्या खेपा दिसत होत्या. मला वाटलं, आपल्या एका सहीने हे संपेल. मी चिठ्ठी आणि बायकांची यादी बाजूला काढली, पुरुषांची यादी वर घेतली आणि टिपणी लिहिली, 'अर्ज नियमानुसार परिपूर्ण आहे.' ती खोटी नव्हती. साहेबांनी त्याच दिवशी सही केली.

पावसाळ्याआधी पंप गावात पोहोचला. दोन चाकांवर ओढायचा, दोन्हीकडून दांडे मारायचा, लाल रंगाचा. भाऊसाहेब काळा चष्मा लावून कामावर आले, फाईल पाहिली, आणि मी मान खाली घालून बोलणी खायला तयार झाले. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "शेडची चावी कोणाकडे आहे?"

मला माहीत नव्हतं. मला तो प्रश्नच नेहमीसारखा विक्षिप्त वाटला.

त्यांनी त्याच आठवड्यात गावाला पत्र लिहून चावीचं विचारलं. उत्तर आलं की पथकप्रमुखांकडे सुरक्षित आहे. त्यांनी आणखी एक पत्र लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही.

थंडी सरता सरता एका दुपारी तिथे आग लागली. जाळी वाळत घातलेली होती, त्यांनी पेट घेतला, वारा होताच. पथकप्रमुख कंपनीत पहिल्या पाळीला, चावी त्यांच्या खिशात. बायकांनी दगडाने कुलूप तोडून पंप बाहेर ओढला, पण पाइप कसा जोडायचा ते त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं. शिकवणी झाली होती ती रविवारी, पुरुषांना. पाइप जोडायची खटपट करण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात आग पुढच्या घरावर गेली. मग पंप तिथेच टाकून त्या घागरी घेऊन धावल्या. तीन घरं गेली. तिसऱ्या घरात एक म्हातारे गृहस्थ खाटेवर पडून होते. हिराबाईंनी तापलेला पत्रा दोन्ही हातांनी उचलून बाजूला केला आणि त्यांना बाहेर काढलं. म्हातारे वाचले. हिराबाईंचे दोन्ही पंजे भाजले.

हे मला भाऊसाहेबांनी सांगितलं, त्यांच्या त्याच आवाजात, टेबलाशी उभं राहून. मग म्हणाले, "उद्या किरकोळ रजा टाका. आपल्याला जायचंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही एस्टीने गेलो. गावात जळक्या वासाबरोबर सुक्या मासळीचा वास मिसळलेला होता. हिराबाई घराच्या ओटीवर बसलेल्या, दोन्ही हात मनगटापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत, मांडीवर ठेवलेले, दुसऱ्या कोणाची वस्तू सांभाळायला दिल्यासारखे. त्यांची सून त्यांना पेज भरवत होती. भाऊसाहेब अंगणात उभे राहिले. मी जवळ बसले आणि मला जे सांगायचं होतं ते सांगितलं, की बायकांची यादी मी बाजूला काढली, पुरुषांची मी पाठवली.

हिराबाईंनी सुनेला हाताच्या कोपराने थांबवलं.

"तुमी पाठवलाव म्हनून पंप तरी आला," त्या म्हणाल्या. "नायतर आमी कुलूप तरी कशाचा तोरला असता?"

त्यांनी मला माफ केलं की टोमणा मारला, मला कळलं नाही. त्या खरंच विचारत होत्या असं वाटलं. मी भाऊसाहेबांकडे पाहिलं. ते शेडच्या तुटलेल्या कुलपाकडे बघत होते.

वरून चौकशी लागली. भाऊसाहेबांनी आपला जबाब लिहिला आणि पाठवायच्या आधी माझ्या टेबलावर आणून ठेवला. 'सदर प्रकरणी माझी शंका योग्य होती. परंतु खुलाशाची वाट पाहत मी दोन वर्षे स्वस्थ बसलो, त्या काळात स्त्रियांना शिकवता आले असते, हे माझे चुकले. कनिष्ठ लिपिकांनी प्रस्ताव सादर केला तो चांगल्या हेतूने. परंतु माझी चिठ्ठी व स्त्रियांची यादी वगळून सादर केला, हे त्यांचे चुकले.'

"यात काही चूक आहे का?" त्यांनी विचारलं.

मी दोनदा वाचला. चूक नव्हती. मी तसं सांगितलं, आणि रेकॉर्डरूममध्ये जाऊन रडले. माझा उल्लेख न करता त्यांना लिहिता आलं असतं. दुसऱ्या कोणीही तसंच केलं असतं, निदान मला तसं वाटत होतं. साहेबांची सही होती, पण त्यांच्यापर्यंत काही गेलं नाही. मेमो आम्हा दोघांना मिळाले. भाऊसाहेबांनी स्वतःचा मेमो आवक वहीत चढवला, माझाही चढवला, आणि नेहमीसारखे डबा घेऊन खिडकीशी गेले. महिनाभर मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. त्यांच्या ते लक्षात आलं होतं की नाही, हेसुद्धा मला सांगता येणार नाही.

घरी आई म्हणायची, "असला कसला माणूस गं? सांभाळून घ्यायचं सोडून वर चिठ्ठी लावतो." मी त्यांची बाजू घ्यायला जायचे आणि मध्येच थांबायचे, कारण कुठली बाजू घ्यायची तेच मला ठरवता येत नव्हतं.

मग एक दिवस मंत्रालयाचं उत्तर आलं. तीन वर्षांनी. एकच ओळ. 'उपरोक्त विषयी प्रचलित नियमांनुसार उचित कार्यवाही करावी.'

भाऊसाहेबांनी ते तीनदा वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्याने, एकदा चष्मा काढून. मग उठले, बायकांची यादी फाईलच्या वर लावली, नवीन टिपणी लिहिली आणि मला म्हणाले, "चला." आम्ही साहेबांसमोर उभे राहिलो.

साहेबांनी पत्र उलटसुलट केलं. "हे हो आहे की नाही?"

"नाही असं म्हटलेलं नाही, साहेब."

"हो असंही म्हटलेलं नाही."

"म्हणून तर ठरवायचं आपल्यावर सोडलंय."

साहेबांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. तरुण माणूस होता, वाईट नव्हता. शेवटी पेन काढलं. "माझी गडचिरोलीला बदली झाली तर तुम्हाला बरोबर नेणार आहे," म्हणाले आणि सही केली. भाऊसाहेब गंभीरपणे म्हणाले, "माझी हरकत नाही." पुढचं वाक्य ते बोलले नाहीत. साहेब मात्र हसू दाबत राहिले.

ते पुढे नव्वदच्या सुरुवातीला निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी भाषण करायला उभे राहिले आणि म्हणाले, "सत्काराचा नारळ कोणत्या तरतुदीतून आणलाय?" लोक हसले. ते विनोद करत नव्हते. निवृत्तीनंतर एकदोनदा मी कल्याणला त्यांच्या घरी गेले. प्रत्येक वेळी त्यांनी मला कामाचं विचारलं, घरचं कधी नाही. एकदा मी धीर करून विचारलंच, "भाऊसाहेब, त्या जबाबात माझी चूक का लिहिलीत?" ते गोंधळले. खरोखर गोंधळले, मी काहीतरी परभाषेत विचारल्यासारखं. "आपण केलं होतंत ना ते?" म्हणाले. त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या आणि विषय तिथेच राहिला. दोन वर्षांनी ते गेले. बातमी मला उशिरा कळली.

ते चांगले होते का, असं मला अजून कोणी विचारलं तर मी पटकन हो म्हणत नाही. ते दोन वर्षं थांबले नसते तर, आणि मी थांबले असते तर, या दोन वाक्यांमध्ये मी पुष्कळ वर्षं येरझाऱ्या घातल्यात. पण त्यांची आठवण आली की जबाबाच्या आधी मला दुसराच एक दिवस आठवतो. साहेबांच्या त्या दुसऱ्या सहीने बायकांचं पथक झालं, त्यांची शिकवणी झाली आणि तीन महिन्यांनी गावात प्रात्यक्षिक झालं, तो दिवस.

नियमाप्रमाणे जवळच्या शहरातल्या अग्निशमन दलाचे एक अधिकारी पथक तपासायला आले होते. पथक तयार आहे, असा दाखला त्यांनी दिला की पुढचं अनुदान, म्हणजे जादा पाइप, शिरस्त्राणं, दुसरा पंप, मिळणार होतं. भाऊसाहेब आणि मी ऑफिसतर्फे हजर. मुद्दाम दुपारी दोनची वेळ घेतलेली. खाडीला ओहोटी, सगळा चिखल चकाकत होता. वीस बायका रांगेत उभ्या, काष्टे घट्ट खोवलेले, पायांत काही नाही. ओसरीवर म्हातारी माणसं बसलेली, त्यांत ते खाटेवरचे गृहस्थही होते. हिराबाई रांगेच्या टोकाला. पट्ट्या निघून बरेच दिवस झाले होते, पण बोटं पूर्ण मिटत नव्हती, म्हणून दांडा त्या मारत नव्हत्या. हुकूम त्यांचा होता.

अधिकाऱ्यांनी शिट्टी वाजवली. हिराबाई ओरडल्या, "ओढा गो!" आणि पंप शेडमधून धडधडत निघाला. चौघी तळ्याकडे, चौघी पाइपाला, बाकीच्या दांड्यांना. पाइप जोडला गेला तो इतक्या चटकन, की अधिकाऱ्यांनी घड्याळात पाहिलं तेव्हा पाणी सुटलेलं होतं. धार आधी वाकडी गेली, भाऊसाहेबांच्या पांढऱ्या शर्टावर आली, मग सरळ झाली आणि नारळाच्या शेंड्याला जाऊन लागली. बायका दांडे मारत राहिल्या, थांबायचं कोणी सांगेपर्यंत. अधिकारी म्हणाले, "आमच्या माणसांना इथे पाठवलं पाहिजे." भाऊसाहेब भिजलेला शर्ट अंगापासून धरून उभे होते.

मग दाखल्याचा फॉर्म निघाला. पथकप्रमुखाची सही किंवा अंगठा. हिराबाईंना लिहिता येत नव्हतं. अधिकाऱ्यांनी शाईची डबी पुढे केली. त्यांनी अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. उठला तो नुसता काळा, गुळगुळीत गोळा.

"नीट उमटला नाही. परत घ्या," अधिकारी म्हणाले.

परत घेतला. परत गोळा. डाव्या हाताचा घेतला, तोही तसाच. अधिकाऱ्यांनी त्यांचा अंगठा धरून उन्हात बघितला. नवीन कातडी आली होती, गुलाबी, बाळाच्या टाळूसारखी, आणि तिच्यावर एकही रेषा नव्हती.

"असा ठसा चालत नाही हो," ते जरा ओशाळून म्हणाले. "उद्या कोणी विचारलं, हा कोणाचा, तर काय सांगायचं? दुसऱ्या कोणाला प्रमुख करा ना. नुसतं कागदावर."

हिराबाई आपल्या अंगठ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा काहीतरी हरल्यासारखं पाहिलं. आगीनंतर ओटीवर भेटल्या तेव्हाही ते नव्हतं. त्यांनी शाई लुगड्याच्या पदराला पुसली.

भाऊसाहेब पुढे आले. त्यांनी तो फॉर्म घेतला आणि पंपाच्या लाल पत्र्यावर ठेवला. खिशातलं पेन काढलं. शर्टातून पाणी ठिबकत होतं, ते कागदावर पडू नये म्हणून हात लांब धरून त्यांनी ठशाखाली त्यांच्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'वरील ठसा हिराबाई यांनी माझ्यासमक्ष उमटवला आहे. ठशावरील रेषा गावातील आग विझवताना गेल्या आहेत.' खाली पूर्ण सही केली, हुद्द्यासकट.

मग पेन माझ्यापुढे धरलं.

"साक्षीदार दोन लागतात," ते म्हणाले. "आपणही होतात."

मी त्यांच्या सहीखाली माझं नाव लिहिलं. अक्षर बरं आलं नाही. त्यांनी ते वाचलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि कागद अधिकाऱ्यांच्या हातात दिला.